सुट्टीच्या दिवशी हरताळ

गेल्या १ नोव्हेंबरला मी काळा दिन पाळला. कसा पाळला, ते आधी सांगतो.

मी बेल्जियममध्ये राहतो, लूवेन नावाच्या शहरात. सात वर्षं झाली. (बेळगावचा माणूस बेल्जियमला गेला, हा विनोद मित्रांनी इतक्यांदा ऐकवलाय की आता ओळख करून देताना मीच तो आधी उरकून टाकतो.) इथं १ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. सगळ्या संतांचा दिवस. लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातात आणि आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवतात. मी साडेनऊला उठलो, रजईतूनच फोन घेतला, डीपी काळा केला, स्टेटसला चार जळजळीत ओळी टाकल्या आणि पुन्हा झोपलो.

म्हणजे सुट्टीच्या दिवशी, रजईत, मी हरताळ पाळला. दुपारपर्यंत दोनशेवर लाईक आले.

संध्याकाळी गावाकडच्या मित्राचा फोन आला. तो दिवसभर फेरीत चालून आला होता.

"काय गा, डीपी बघितला तुझा. झकास आहे."

मी म्हटलं, "निदान तेवढं तरी."

"एक सांग बघू. आपल्या शाळेत पहिलीत यंदा किती पोरं आहेत?"

"किती?"

"चार."

मी गप्प झालो. कारण पाचवा आणि सहावा कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. माझ्या बहिणीची दोन पोरं. शहरातल्या इंग्रजी शाळेची पिवळी बस त्यांना रोज न्यायला येते. आणि त्या शाळेची फी इथून मी पाठवतो.

हा लेख त्या फोननंतरचा आहे. परदेशात बसून गावाला शहाणपण शिकवणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो. पण मला जे म्हणायचंय ते तुमच्याबद्दलही आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा आणि मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. भात, बटाटा, रताळी. वडील २०२३ साली गेले. विहिरीकडची साडेचार गुंठे जागा आहे, त्यावर एका भाऊबंदाने आपलं नाव लावायचा अर्ज केला. त्याची नोटीस आमच्या घरी आली. नोटीस कन्नडमध्ये. आईने ती लाईट बिलाच्या डब्यात ठेवली. लाईट बिल कन्नडमध्ये येतं, हाही कागद कन्नडमध्ये, तिने दोन्ही एकत्र ठेवले. यात तिचं काय चुकलं?

मी सुट्टीला गेलो तेव्हा डबा उघडला. मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलोय. अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. आक्षेप घ्यायची मुदत संपून दोन महिने झाले होते.

आई म्हणाली, "मराठीत असतं तर मी वाचलं नसतं काय रे? चौथी शिकलेय मी. रोज पेपर वाचते."

खरंच वाचते. अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत. माझी आई अडाणी नाही. साठ वर्षं जिथं राहिली त्याच गावात एका कागदाने तिला अडाणी ठरवलं. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे मला लहानपणापासून भाषणांतून कळत होतं. त्या दिवशी तो लाईट बिलाच्या डब्यात सापडला.

आधी राग त्या कार्यालयावर आला, आणि तो योग्यच होता. पण रात्री पडल्या पडल्या दुसरा प्रश्न आला. अर्ज मराठीत देता येतो, कागद मराठीत मागता येतो, हे मी आईला कधी सांगितलं होतं का? मला स्वतःला तरी ठाऊक होतं का? १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार मला पाठ. १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक, शरद पवार आणि भुजबळ वेष बदलून बेळगावात कसे शिरले, तेही पाठ. राज्यघटनेचं ३५० वं कलम मात्र मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं.

तुम्हीही वाचलं नसेल तर साध्या भाषेत सांगतो. कुठल्याही नागरिकाला आपली तक्रार, आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे त्या संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठी त्यात येते. उत्तर मराठीतच मिळेल असं ते कलम म्हणत नाही, हे खरं. पण "मराठीत अर्ज चालत नाही" असं म्हणून तुमचं गाऱ्हाणं परत करायचा हक्क कुठल्याही टेबलाला नाही.

पुढे ३५० अ. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने सोय करायची. ३५० ब. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला खास अधिकारी. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. म्हणजे ज्या फटक्याने आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, त्याच फटक्याने ही संरक्षणंही आली. त्याशिवाय केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केलेले नियम आहेत. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेतून शिकवायची सोय करायची.

वर्गात १०. आमच्या शाळेत ४. आता कळलं, मी फोनवर गप्प का झालो?

ही मागणी समितीने केलीच नाही असं मी म्हणत नाही. मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे निघालेत, अल्पसंख्याक आयुक्तांना निवेदनं दिली गेलीत. पण मोर्चा झाला की आपण घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन कन्नड फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतो. मोर्चात मागतो आणि खिडकीवर सोडून देतो. माझा मुद्दा एवढाच आहे: सीमाप्रश्न कोर्टात आहे, पण मराठी कोर्टात नाही. ती पहिलीच्या वर्गात, पंचायतीच्या खिडकीवर आणि मतपेटीत आहे. तिथं आपण रोज थोडी थोडी सोडतोय, आणि वर्षातून दोन दिवस तिच्यासाठी रडतोय.

आता तुम्ही म्हणाल, बेल्जियममध्ये राहून याला हे कसं सुचलं? तिथंच सुचलं.

हा देश भाषेवरून भांडणाऱ्यांचा आहे. उत्तरेला डच बोलणारे, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे, पूर्वेच्या कडेला मूठभर जर्मन बोलणारे. १९६२-६३ साली कायदा करून भाषांची सीमारेषा आखली. ती आखताना इकडची गावं तिकडे गेलीच. फूरेन म्हणून एक भाग आहे, सहा खेडी. १९६३ साली ती एका प्रांतातून काढून दुसऱ्यात टाकली. तिथले फ्रेंच बोलणारे भडकले. पुढे जोझे आपार नावाचा त्यांचा पुढारी महापौर झाला आणि त्याने डच भाषेची परीक्षा द्यायला साफ नकार दिला. त्या वादात १९८७ साली बेल्जियमचं केंद्र सरकार कोसळलं. सहा खेड्यांसाठी एका देशाचं सरकार पडलं! आपली ८६५ गावं. त्यांच्यासाठी मुंबईत किंवा दिल्लीत कुणाची खुर्ची हललेली मला तरी आठवत नाही.

पण फूरेनची गोष्ट इथं संपत नाही. २००० सालच्या स्थानिक निवडणुकीत दुसऱ्या युरोपीय देशांच्या रहिवाशांनाही मत मिळालं. गावात राहायला आलेल्या नेदरलँडच्या लोकांनी मतं टाकली आणि डच बाजूचं बहुमत आलं. इतक्या वर्षांचा संघर्ष, आणि निकाल मतदारयादीने लावला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट माझ्या ऑफिसातली. माझी एक सहकारी फ्रेंच बोलते. ती ब्रसेल्सच्या कडेला क्रायनेम नावाच्या गावात राहते. गाव डच भागात, पण कायद्याने फ्रेंच भाषिकांना तिथं सवलती आहेत, ते नगरपालिकेकडे फ्रेंचमध्ये कागद मागू शकतात. १९९७ साली तिथल्या डच भाषिक सरकारने परिपत्रक काढलं: मागा, पण प्रत्येक कागदासाठी, प्रत्येक वेळी नव्याने मागा. लोक कंटाळतील आणि सोडून देतील असा हिशोब. लोक कंटाळले नाहीत. प्रत्येक कागदाला अर्ज करत राहिले, कोर्टात जात राहिले. मतदारांना फ्रेंचमध्ये पत्रं पाठवली म्हणून तिथल्या तीन गावांच्या निवडून आलेल्या महापौरांची नेमणूक अडवून धरली गेली.

मी तिला विचारलं, दर वेळी मागायचा वैताग येत नाही? ती म्हणाली, येतो की. म्हणून तर मागते, त्यांनाही यायला हवा.

मला तेव्हा आईचा डबा आठवला.

इथलं सगळं चांगलं आहे असं समजू नका. याच लूवेनचं विद्यापीठ १९६८ नंतर भाषेवरून दुभंगलं. ग्रंथालयातली पुस्तकं सम आणि विषम क्रमांकांनी वाटून घेतली.  भाषेच्या भांडणात अक्कल गहाण पडते ती अशी. पण याच देशात पूर्वेकडे ऑयपेन गाव आहे. तिथल्या नऊ नगरपालिकांत जर्मन बोलणारे आहेत, सगळे मिळून ऐंशी हजारांच्या आत. त्यांची स्वतःची विधानसभा आहे, २५ सदस्यांची. शाळा त्यांच्या भाषेत, कारभार त्यांच्या भाषेत. ते जर्मनीत गेलेले नाहीत. आणि बेल्जियमचे नागरिक म्हणून त्यांची मान खालीही गेलेली नाही.

आपल्याकडे बेळगाव शहराच्या एखाद्या भागात तेवढे मराठी लोक सापडतील. आणि आपल्याला घरपट्टीची पावती कळत नाही.

आता घरच्या राजकारणाकडे येतो.

१९५६. मग महाजन आयोग, १९६६ ला नेमला, १९६७ ला अहवाल. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. मग २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. त्या वर्षी जन्मलेलं पोर आज पदवी घेऊन पुण्यात नोकरी शोधतंय. दावा आहे तिथंच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा जाहीर झाला आणि रद्दही झाला. त्याच महिन्यात नागपूरला विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. त्याच्या काही दिवस आधी कर्नाटकाने उलटा ठराव केला होता. दोन्हीकडे बाकं वाजली. आमच्या गावातल्या शाळेचं छप्पर कुठल्याच ठरावाने शाकारलं नाही.

आणि आपण? विधानसभेला २००८ मध्ये समितीचा एकही आमदार नाही. २०१३ ला दोन. २०१८ ला शून्य. २०२३ ला शून्य. २०१८ ला खानापुरात समितीच्या नावावर दोन उमेदवार उभे होते. दोघांची मतं एकत्र केली तर विजयी उमेदवाराच्या पुढे जात होती. हे गणित चौथीतल्या पोराला येतं. आपल्या पुढाऱ्यांना आलं नाही.

एप्रिल २०२१ ला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एक तरुण उमेदवार, एकच उमेदवार, आणि एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. पैसे नव्हते, मोठा पक्ष नव्हता. मराठी माणूस संपला असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. मग पाचच महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ ला, बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. ५८ जागा. भाजपला ३५. समितीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या महापालिकेत वर्षानुवर्षं मराठी महापौर बसत होते ती आपण एका दिवसात घालवली. पाच महिन्यांत एवढी मतं कुठं गेली? लोकसभेला उमेदवार एक होता म्हणून मन एक होतं. वॉर्डात चुलता पुतण्याविरुद्ध, या गल्लीचा त्या गल्लीविरुद्ध.

मला माहितीय, यावर राष्ट्रीय पक्षात गेलेले मित्र काय म्हणतात. "आम्ही पण मराठीच आहोत. आमचे पण नगरसेवक मराठीच निवडून आलेत." बरोबर आहे. मग माझा एकच प्रश्न. त्या मराठी नगरसेवकाने सभागृहात विषयपत्रिका मराठीतही द्या म्हणून तोंड उघडलं का? उघडलं असेल तर माझा त्याला रामराम. पक्ष कुठलाही असो. आडनाव मराठी असून भागत नाही, आवाज मराठी लागतो.

आता दोन आक्षेप. दोन्ही मी स्वतः कधीकाळी घेतलेले आहेत, त्यामुळे सोपे करून सांगणार नाही.

पहिला: "अल्पसंख्याकांचे हक्क मागितले की आपण कर्नाटक मान्य केलं असं होतं. मग दावा कशावर उभा राहणार?" हा आक्षेप जुन्या कार्यकर्त्यांचा आहे आणि त्यांच्या त्यागापुढे मी बोलायला फार लहान आहे. तरी बोलतो. दावा महाराष्ट्र सरकारचा आहे, तो माझ्या आईच्या अर्जाने पडणार नाही. ज्या घरात आपण भाडं भरून राहतो तिथं नळाला पाणी मागितलं म्हणून कुणी घराची मालकी सोडत नाही. आणि मुळात दावा उभा कशावर आहे? इथं मराठी बोलणारी, लिहिणारी, शिकणारी गावं आहेत यावर. उद्या निकाल आपल्या बाजूने लागला आणि गावात तो मराठीत वाचणारा कुणी उरला नाही, तर आपण काय जिंकलो? पहिलीतला वर्ग बंद पडला की दाव्यातला एक पुरावा बंद पडतो. मराठीत दिलेला प्रत्येक अर्ज आणि त्यावरची पोच हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप: "पोरांना इंग्रजी नको का? तू स्वतः बेल्जियमला गेलास तो मराठी शाळेच्या जिवावर काय?" हो. पहिली ते सातवी गावच्या मराठी शाळेत, पुढे दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी नंतर शिकलो, कन्नड शाळेतच शिकलो, थोडं डच इथं येऊन शिकलो. पाया पक्का असला की वर किती मजले चढवायचे ते चढवा. पण मी एवढंच म्हणून सुटणार नाही. आमच्या काळात शाळेला सातही शिक्षक होते. आज दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असतील तर कुठली आई तिथं पोर घालेल? बहिणीला मी दोष देत नाही. शाळा चांगली करा म्हणून पालक, माजी विद्यार्थी, पंचायत सदस्य यांनी मिळून जे भांडण करायला हवं होतं ते कुणीच केलं नाही. मी तर फी पाठवून मोकळा झालो.

एक गोष्ट इथं ठामपणे सांगतो, कारण सोशल मीडियावर हल्ली ती विसरली जाते. माझं भांडण कन्नड भाषेशी नाही, कन्नड माणसाशी तर नाहीच. इथं माझ्या शेजारी धारवाडचा एक मुलगा राहतो. १ नोव्हेंबरला तो राज्योत्सवाला निघाला होता, मला म्हणाला, चल की, जेवण चांगलं असतं. मी म्हटलं, आज नाही रे, आज आमचा काळा दिन. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी त्याला आईची नोटीस दाखवली. त्याने पूर्ण वाचली आणि म्हणाला, "हे चुकीचं आहे. माझ्या आईला तमिळमध्ये नोटीस आली तर ती पण डब्यातच ठेवेल." आईच्या अपिलासाठी जुन्या कन्नड कागदांचा अर्थ लावायला त्यानेच मदत केली. शत्रू शोधायचा तर तो कानडी शेजाऱ्यात नका शोधू. जो टेबलामागे बसून "मराठी चालत नाही" म्हणतो आणि जो टेबलापुढे उभा राहून ते ऐकून घेतो, त्या दोघांच्या मधल्या सवयीत शोधा.

आता आमच्याबद्दल. पुणे, मुंबई, बंगळूर, दुबई, लंडन, जिथं कुठं आपण पांगलोय त्या सगळ्यांबद्दल.

१२ मे २०१८ ला विधानसभेचं मतदान होतं. शनिवार. मी तेव्हा पुण्यात होतो. शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून गाडीत बसलो असतो तर सकाळी गावात पोचलो असतो. मी गेलो नाही. त्या रविवारी मित्राच्या लग्नाची खरेदी होती म्हणून. मंगळवारी निकाल लागला आणि मी "मराठी माणूस कधी सुधारणार" असं स्टेटस टाकलं. ते स्टेटस अजून फोनमध्ये आहे. लाज वाटावी म्हणून ठेवलंय.

मग इकडे आलो. युरोपबाहेरच्या माणसालाही बेल्जियममध्ये पाच वर्षं राहिल्यावर नाव नोंदवून नगरपालिकेला मत देता येतं. १३ ऑक्टोबर २०२४ ला मी दिलं. लूवेनमधले सायकल रस्ते आणि घरभाडी यांवर मी उमेदवारांची पत्रकं वाचली, शेजाऱ्याशी चर्चा केली, मत टाकलं. परक्या देशातल्या गटारीसाठी मी मतदान केलंय आणि माझ्या आईच्या सातबाऱ्यासाठी, तिकडच्या भाषेत उताऱ्यासाठी, केलेलं नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ अ भरून गावच्या यादीत नाव ठेवता येतं. मतदान मात्र पासपोर्ट घेऊन तिथं जाऊनच करावं लागतं. म्हणजे खर्च आहे, रजा आहे. गणपतीला रजा मिळते तर मतदानाला का नाही? आणि पुण्या-मुंबईत असलेल्यांना तर तेवढंही निमित्त नाही. एका रात्रीच्या गाडीचं अंतर. फूरेनमध्ये नवे राहायला आलेल्यांनी नाव नोंदवून बहुमत फिरवलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, नावं यादीत असून गैरहजर.

बाहेरच्यांनो, आपलं प्रेम दुरून फार स्वस्त झालंय. आपण गावाला तसंच ठेवू बघतो जसं सोडलं होतं: भगवा ध्वज, शिवजयंतीची मिरवणूक, हुतात्म्यांना वंदन. गावात राहणाऱ्याला रोज त्या खिडकीवर उभं राहावं लागतं. त्याला आपला काळा डीपी नको आहे. त्याला अर्ज लिहून देणारा, फोनवर कलम सांगणारा, वकिलाच्या फीचा वाटा उचलणारा हवा आहे.

आणि गावातल्या पोरांनो, तुम्हालाही सूट नाही. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. तुम्हाला मराठी येते, कन्नड वाचता येतं, फोनवर सगळे फॉर्म सापडतात. गल्लीतल्या किती आजींच्या डब्यात न वाचलेली नोटीस आहे, हे तुम्ही एका रविवारी घरोघर फिरून शोधू शकता. मिरवणुकीला डॉल्बीची वर्गणी गोळा करणारं मंडळ हे करू शकत नाही असं मी मानत नाही.

कामं मोठी नाहीत. गाऱ्हाणं असलेला प्रत्येक अर्ज मराठीत द्या, वर ३५० व्या कलमाचा उल्लेख करा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. परत केला तर कुणी, कधी, काय म्हणून परत केला ते लेखी मागा, नाही दिलं तर स्वतः लिहून ठेवा आणि अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवा. ग्रामसभेला जा, ठराव मराठीत वाचून दाखवायला सांगा. शाळेच्या पहिलीत दहा पोरं आणायची म्हणजे दहा घरी जाऊन बोलायचं, आणि बोलायला तोंड हवं म्हणून आधी शाळा नीट करायची. आणि निवडणूक आली की पुढाऱ्यांना घरात बोलावून एकच वाक्य सांगायचं: एक उमेदवार द्या, नाहीतर आमच्या दारात येऊ नका.

यातलं काहीच गाजणार नाही. कॅमेरा येणार नाही. पण क्रायनेमच्या त्या बाईसारखं, दर वेळी, न कंटाळता.

माझ्या वाटचं सांगतो. बहिणीच्या पोरांची फी मी लगेच बंद करणार नाही, त्यात पोरांचा काय दोष? पण तेवढीच रक्कम या वर्षापासून गावच्या शाळेला जाते, आणि आठ माजी विद्यार्थी त्यात आलेत. पंचायतीकडून शिक्षकांसाठी पाठपुरावा तो फेरीतला मित्र करतोय. फॉर्म ६ अ भरलाय. पुढच्या विधानसभेला मी गावात असेन. हे जाहीर लिहितोय ते तुम्ही मला धरून ठेवावं म्हणून.

आईचं अपील प्रांत कार्यालयात दाखल झालंय. अर्ज मराठीत आहे. मी मजकूर सांगायला लागलो तर म्हणाली, तू गप्प बस, मला लिहिता येतं. दोन पानं तिने स्वतःच्या हाताने लिहिली, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. खिडकीवरच्या माणसाने आधी मान हलवली. माझा मित्र शेजारी उभा होता, त्याने कलम दाखवलं. थोडी वादावादी झाली, मोठे साहेब आले, त्यांनी अर्ज घेतला. साडेचार गुंठे परत मिळतील की नाही, ठाऊक नाही. तारीख पडली आहे.

त्या अर्जाच्या पोचेचा फोटो मित्राने मला पाठवला. अर्ज मराठीत, शिक्का कन्नडमध्ये, खाली आईची मोडकी सही. सध्या माझा डीपी तोच आहे.